‘१४ पट’ म्हणजे कशाच्या? कंबर, खुबा आणि पाच पानांचा एक पेपर

आज एकच पेपर घेऊन बसू या. पाच पानांचा आहे, २००४ सालचा, ‘क्लिनिकल ऑर्थोपेडिक्स अँड रिलेटेड रिसर्च’ या जर्नलमधला, मार्क ब्राउन आणि सहकाऱ्यांचा. प्रश्न साधा आहे. पाय दुखतो म्हणून आलेल्या माणसाचं दुखणं कमरेच्या मणक्यातून येतंय की खुब्याच्या सांध्यातून, हे नुसत्या तपासणीवरून ओळखता येईल का? ९७ रुग्ण अभ्यासून लेखक तीन खुणा पुढे ठेवतात: लंगडणं, जांघेत दुखणं आणि खुब्याचं आतल्या बाजूला वळणं कमी होणं.

फिजिओथेरपी किंवा ऑर्थोमध्ये असाल तर हा पेपर न वाचताही त्याचं सार तुमच्या कानावर आलेलं असणार. ‘लंगडत असेल तर खुबा असण्याची शक्यता ७ पट, जांघ दुखत असेल तर ७ पट, इंटर्नल रोटेशन कमी असेल तर १४ पट.’ मीही व्हायव्हात हे धडाधड म्हणून दाखवलंय. ‘कशाच्या १४ पट?’ असं तेव्हा कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती.

हा प्रश्न मला नंतर पडला, आणि तो माझ्या मामामुळे.

मामा कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल नेणारा ट्रेलर चालवायचा. २०२१च्या दुसऱ्या लाटेत त्याला कोविड झाला, ऑक्सिजन लागला, स्टिरॉइड दिले गेले, बरा होऊन घरी आला. तीनेक महिन्यांनी ‘कंबर दुखतेय’ म्हणायला लागला. ट्रेलरचा ड्रायव्हर, पन्नाशीला टेकलेला, कंबर दुखतेय. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही तेच वाटलं. एमआरआय झाला, रिपोर्टात एल४-एल५ला डिस्क बल्ज असं आलं, आणि घरात जाहीर झालं की मामाच्या मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय. पट्टा आला, ट्रॅक्शन झालं, आणि पोटावर झोपून करायचे व्यायाम मी स्वतः शिकवले. गणपतीत पंगतीला त्याने खुर्ची मागून घेतली. ‘मांडी घालवत नाही रे,’ म्हणाला. मी तेही मणक्याच्याच खात्यावर टाकलं.

पुढच्या मार्चमध्ये पनवेलच्या एका सीनियर मॅडमनी त्याला उताणं झोपवलं, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवला आणि पाऊल हळूच बाहेर नेलं. मामा टेबलावरून उठलाच. एक्स-रे काढला तर उजव्या खुब्याचा गोळा वरून चपटा झालेला. अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, हाड आतून मरतं आणि मग भाराखाली खचतं. गोळा खचण्याआधी हाती लागलं तर तो वाचवायचे काही प्रयत्न करता येतात, कोअर डिकम्प्रेशनसारखे. खचल्यावर बहुतेकदा सांधा बदलण्यावाचून फारसं काही उरत नाही. मामाचा सांधा बदलला. ट्रेलर सुटला.

(पाऊल बाहेर नेलं की मांडीचं हाड खुब्यात आत फिरतं. पहिल्या वर्षाची मुलं इथे हमखास उलटं सांगतात. एकदा स्वतःच्या पायावर करून बघा.)

आता तुम्ही म्हणाल, हे तर ब्राउन यांच्या पेपरचंच समर्थन झालं. इंटर्नल रोटेशन तपासलं असतं तर सापडलं असतं! मलाही काही दिवस तसंच वाटत होतं आणि मी स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. पण मार्चमध्ये जे टेबलावर दिसलं ते सप्टेंबरमध्ये दिसलं असतं का? हा प्रश्न घेऊन पेपर परत उघडला, तेव्हा तो वेगळाच दिसू लागला.

आधी ते १४. हे ऑड्स रेशो आहे. मराठीत आपण ‘पट’ म्हटलं की दोन शक्यतांची तुलना डोळ्यापुढे येते. ऑड्स म्हणजे शक्यता नव्हे. खालचे आकडे पेपरमधले नाहीत, मी हिशोबापुरते घेतलेत. समजा ५० जणांना खुब्याचा आजार आहे आणि ५० जणांना फक्त मणक्याचा. पहिल्या गटात ४० जणांचा खुबा आत वळत नाही, दुसऱ्या गटात ११ जणांचा. पहिल्या गटाचे ऑड्स ४०ला १०, म्हणजे ४. दुसऱ्याचे ११ला ३९, म्हणजे ०.२८. भागाकार केला की १४ येतात. आता तोच कागद आडवा धरा. खुबा आत वळत नाही असे एकूण ५१, त्यातले ४० खुब्याचे, म्हणजे ७८ टक्के. नीट वळतो असे ४९, त्यातले १० खुब्याचे, म्हणजे २० टक्के. ७८ भागिले २०. चारही पट नाही! आकडे तेच, खूण तीच. एका पद्धतीने १४ आणि बोलीभाषेतल्या ‘पट’ने चाराच्या आत. पेपरने काही चुकीचं छापलेलं नाही. चूक ते वाक्य व्हायव्हातून ओपीडीत उचलून नेणाऱ्या आपली आहे.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. माझ्या काल्पनिक १०० जणांत निम्मे खुब्याचे होते. आपल्याकडच्या साध्या फिजिओ ओपीडीत कंबर-पाय दुखतो म्हणून येणाऱ्या १०० जणांत निम्मे खुब्याचे नसतात. समजा १० आहेत. खूण तितकीच चांगली धरली तर त्या १०पैकी ८ सापडतील. उरलेल्या ९० जणांत मात्र २०च्या आसपास लोकांचाही खुबा अडकेल. म्हणजे खूण दिसलेल्या २८ जणांत खुब्याचे ८, जेमतेम २९ टक्के. तरीही तपासणी फुकट नाही, कारण १० टक्क्यांवरून २९वर आलो आणि खुब्याचा एमआरआय कुणाला आधी सांगायचा हे कळलं. पण ‘१४ पट’ म्हणताना आवाजात जो ठामपणा येतो, तो २९ टक्क्यांना शोभत नाही.

उलटी बाजू जास्त मोहक आहे. खूण नसलेल्या ७२ जणांत खुब्याचे फक्त २ राहतात. वाटतं, चला, खुबा नीट वळतोय, सुटलो. माझं सप्टेंबर नेमकं इथे येतं. त्या हिशोबात मी ८० टक्के धरले ते कुणाचे? ज्यांचा खुबा चांगलाच झिजलाय किंवा खचलाय अशांचा भरणा असेल तर ८० टक्के येतीलही. नेक्रोसिसच्या पहिल्या टप्प्यात एक्स-रे स्वच्छ असतो, बदल फक्त एमआरआयवर दिसतो आणि सांध्याची हालचालही पुष्कळदा बरीच शाबूत असते. म्हणजे जो आजार लवकर सापडण्यात सगळ्यात जास्त अर्थ आहे, त्यातच ही खूण सगळ्यात लंगडी. सेन्सिटिव्हिटी हा टेस्टच्या अंगात मुरलेला गुण नसतो. आजाराच्या कोणत्या टप्प्यातली माणसं तुम्ही मोजलीत त्याच्यावर तो हलतो. पुस्तकात याला स्पेक्ट्रम बायस म्हणतात. मी ही व्याख्या तीनदा पाठ केली होती, पण मामाच्या फाइलशी तिचा काही संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

या पेपरवर माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र आकड्यांवर नाही, गटांवर आहे. लेखकांनी ‘फक्त खुबा’ आणि ‘खुबा अधिक मणका’ हे एका बाजूला ठेवले आणि ‘फक्त मणका’ दुसऱ्या बाजूला. संख्याशास्त्राच्या सोयीने ठीक आहे. पण ओपीडीतला खरा पेच ‘दोन्ही’वाल्यांचा असतो. खुबाही बिघडलाय, मणकाही बिघडलाय, पण आज जे दुखतंय ते कशामुळे? १९८३ साली ऑफिएर्स्की आणि मॅकनॅब यांनी ‘हिप-स्पाइन सिंड्रोम’ हा शब्द रूढ केला तेव्हाच त्यांनी चार प्रकार सांगितले होते. एकाच ठिकाणाहून येणारं दुखणं, दोन्हीकडून येणारं, एकाच्या बिघाडाने दुसऱ्याला त्रास होणारं, आणि चुकीचं निदान झालेलं. हा चौथा प्रकार स्वतंत्रपणे नोंदवावासा वाटणं हाच मोठा प्रामाणिकपणा वाटतो मला. तर, ‘दोन्ही’वाल्यांना खुब्याच्या गटात घातलं की ‘खुब्यात काही आहे का’ याचं उत्तर मिळतं. ‘दुखणं खुब्याचं आहे का’ याचं मिळत नाही. हे दोन प्रश्न आहेत. सिनॉप्सिसमध्ये ते एकाच वाक्यात कोंबू नका.

तिन्ही खुणांना मणक्यातूनही वाट आहे, हे विसरू नका. एल५ नस दबली की ग्लुटियस मीडियस कमजोर पडतो आणि माणूस लंगडतो. वरच्या, एल२-एल३च्या चकतीचं दुखणं मांडीच्या पुढच्या भागात आणि जांघेकडे येऊ शकतं. जांघेचं तर वेगळंच प्रकरण आहे. लेशर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ‘पेन मेडिसिन’मध्ये ५१ रुग्णांचा अभ्यास छापला. यात एक्स-रेच्या पडद्यावर बघत खुब्याच्या सांध्यात इंजेक्शन दिलं होतं, आणि त्याने आराम पडलेल्यांचं दुखणं आधी नेमकं कुठे होतं त्याचे नकाशे काढले. जांघेत ५५ टक्के. कुल्ल्यात ७१ टक्के. म्हणजे खुब्याचं दुखणं जांघेपेक्षा मागेच जास्त. २२ टक्क्यांत ते गुडघ्याच्या खालीही गेलं होतं. ‘जांघ म्हणजे खुबा, मागे म्हणजे कंबर’ ही विभागणी इथेच कोसळते. लेशरमध्येही गाळणी आहेच: इंजेक्शनापर्यंत पोचलेले आणि त्याला दाद दिलेलेच लोक नकाशात आले. तरी खरं काय ते ठरवायचा मार्ग त्यांनी आधी सांगितला आणि मग खुणा मोजल्या, म्हणून मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

कंबर म्हणजे नक्की कुठे?

थोडं विषयांतर, पण पनवेलमध्ये बसून संशोधन करणार असाल तर हे तुमच्या उपयोगाचं आहे.

पेपरमध्ये ‘ग्रॉइन’, ‘बटक’, ‘लो बॅक’ असे नीट कापलेले तुकडे असतात. आपल्याकडचा रुग्ण म्हणतो, ‘कंबर’. या कंबरेत पट्टा बांधतो ती जागा येते, माकडहाड येतं, कुल्ले येतात आणि बाजूचं हाडही येतं. कुल्ला हा शब्द बाईमाणूस पुरुष डॉक्टरापुढे उच्चारत नाही, पुरुषही टाळतात. जांघ तर त्याहून अवघड. हात तिथे नेण्याऐवजी ‘इकडे मांडीत’ म्हणून मोकळे होतात. मग फॉर्मवर ‘लो बॅक पेन’वर टिक होते, आणि पुढचं सगळं विश्लेषण त्या टिकेवर उभं राहतं. मामाने तरी काय सांगितलं होतं? कंबर. मार्चमध्ये मॅडमनी ‘एका बोटाने दाखवा’ म्हटलं तेव्हा त्याने बोट लावलंच नाही. अंगठा मागे आणि बोटं पुढे असा पंजा खुब्याच्या बाजूला धरला. पुस्तकात ‘सी साइन’ म्हणून छापलेली खूण, माझ्यासमोर. सात महिने मी ती बघितली नाही कारण मी विचारलंच नव्हतं.

ऑस्वेस्ट्री डिसॅबिलिटी इंडेक्स तुमच्यापैकी पुष्कळजण वापरणार आहात. त्याच्या मराठी रूपाची विश्वसनीयता तपासून २०१३ साली ‘स्पाइन’ जर्नलमध्ये ती छापून आलीय, हे उत्तम काम आहे. पण प्रश्नावलीचे दहा भाग आठवा. चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, उचलणं, प्रवास, स्वतःचं आवरणं. मामाने सप्टेंबरमध्ये ती भरली असती तर स्कोअर चांगलाच वर गेला असता. प्रश्नावलीचा त्यात दोष नाही. माणसाचं किती अडलंय हे ती मोजते, कशाने अडलंय हे नाही. आपण मात्र थिसिसमध्ये ‘ऑस्वेस्ट्री ४०च्या वर म्हणून डिस्कचा रुग्ण’ अशी वाक्यं लिहितो. लिहिलेली वाचलीयत मी.

‘पण एमआरआय आहे ना!’

जर्नल क्लबमध्ये इथपर्यंत आलं की कुणीतरी हे म्हणतंच. तपासणीवर एवढी डोकेफोड कशाला, फोटो काढा, दिसेल.

दिसेल, फार दिसेल. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांनी कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय छापले. निम्म्याहून जास्त, ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी बल्ज होता. २०१५ साली ब्रिंजिक्जी आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यास, ३११० ठणठणीत माणसं एकत्र केली: विशीत ३० टक्क्यांना बल्ज, ऐंशीत ८४ टक्क्यांना. मामाच्या रिपोर्टातला एल४-एल५चा बल्ज हा पन्नाशीच्या माणसात पांढऱ्या केसासारखा होता. होता, खरा होता, आणि दुखण्याशी त्याचा संबंध असेलच असं नव्हतं. उलट त्या बल्जनेच आमचा शोध थांबवला. रिपोर्टात काहीच निघालं नसतं तर कुणीतरी खुब्याकडे वळलं असतं. कमरेच्या एमआरआयमध्ये खुब्याचे गोळे सहसा येत नाहीत. काही सेंटर खुब्याची एक झटपट चाळणी जोडून देतात, पण ती मागावी लागते, आणि मागायला शंका यावी लागते.

बरं, मग खुब्याचाच एक्स-रे काढू? २०१५च्या ‘बीएमजे’मध्ये फ्रॅमिंगहॅमच्या लोकांवरचा अभ्यास आहे. ज्यांचा खुबा वारंवार दुखायचा त्यांतल्या १५.६ टक्के खुब्यांतच एक्स-रेवर झीज दिसली, आणि एक्स-रेवर झिजलेल्या खुब्यांपैकी २०.७ टक्केच वारंवार दुखणारे होते. म्हणजे फोटो आणि दुखणं यांची गाठ दोन्ही सांध्यांत ढिली आहे. यातून फोटो निरुपयोगी ठरत नाहीत. ‘फोटोत दिसलं म्हणजे तेच’ हे गृहीतक आपल्या अभ्यासात अंतिम सत्य म्हणून वापरता येत नाही, एवढं ठरतं.

पाय सरळ वर उचलून बघायची एसएलआर टेस्ट घ्या. २०१०च्या कॉक्रेन आढाव्यात, मुख्यतः शस्त्रक्रियेपर्यंत गेलेल्या रुग्णांत, तिची सेन्सिटिव्हिटी ०.९२ आणि स्पेसिफिसिटी ०.२८. दुसरा पाय उचलून बघायच्या टेस्टचे आकडे जवळजवळ उलटे, ०.२८ आणि ०.९०. हे शस्त्रक्रियावाले आकडे जपून वापरा. तिथपर्यंत माणूस पोचतो त्यात एसएलआर पॉझिटिव्ह असण्याचा वाटा असतोच, मग ती तिथे बहुतेकांत पॉझिटिव्ह निघणारच. दाराशी ज्या खुणेवरून माणसं आत घेतली, तीच खूण आत मोजून शाबासकी द्यायची, असा तो प्रकार होतो. ब्राउन यांच्या पेपरकडे, किंवा तुमच्या भावी थिसिसकडेही, याच नजरेने बघा. ‘हा खुब्याचा रुग्ण’ हे ज्याने ठरवलं, त्याने ठरवताना इंटर्नल रोटेशन बघितलं होतं का? बघितलं असेल, आणि कोणता ऑर्थो सर्जन बघणार नाही, तर खूण स्वतःच स्वतःची साक्षीदार झाली.

माहीमचे तीन रुग्ण

मामाचं निदान झाल्यावर मी शोधत सुटलो तेव्हा पहिला हाती लागला तो मुंबईचाच पेपर. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये कोविडनंतरच्या नेक्रोसिसचे तीन रुग्ण छापले होते. स्टिरॉइडचा सरासरी डोस प्रेडनिसोलोनच्या हिशोबात ७५८ मिलिग्रॅम, ४०० ते १२५०च्या दरम्यान. कोविडच्या निदानापासून सरासरी ५८ दिवसांत त्रास सुरू. आधीच्या वाङ्मयात डोस साधारण २००० मिलिग्रॅम आणि काळ सहा महिने ते वर्ष असा धरला जातो. म्हणून लेखकांचं म्हणणं, इथे कमी डोसात आणि लवकर झालं.

मी हा पेपर मामीला मोबाइलवर दाखवला होता. ‘बघा, स्टिरॉइडमुळेच.’ आज दाखवला नसता.

तिघांची सरासरी काढण्यात अर्थ काय? ७५८ला ३ने गुणा, २२७४. त्यातून ४०० आणि १२५० वजा करा, ६२४ उरतात. झाले तिन्ही आकडे. सरासरीने काही सांगितलं नाही, उलट तिघांना एका आकड्यामागे उभं केलं. त्यातला ४००चा आकडा बघा. रिकव्हरी ट्रायलमधला डेक्सामेथासोनचा डोस रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ६ मिलिग्रॅम डेक्सा म्हणजे अंदाजे ४० प्रेडनिसोलोन. दहा दिवसांचे ४००. म्हणजे जगभर ज्या डोसाने माणसं वाचवली तोच. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत त्याने मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३वर आणले. एवढ्या डोसात किती जणांचे खुबे गेले हे कळायला खाली छेद लागतो: किती हजारांना स्टिरॉइड दिले, त्यांतले किती. तीन रुग्णांच्या मालिकेत वर ३ असतात आणि खाली काहीच नसतं. शिवाय कोविडआधीचा खुब्याचा एमआरआय कुणाकडे नसतो, त्यामुळे ५८ दिवसांत आजार सुरू झाला की आधीपासून मुका होता आणि बोलायला लागला, हेही यातून ठरत नाही. त्याच रुग्णालयातून नेक्रोसिसवर अॅलेंड्रोनेट देण्याबद्दल बरेच आधीपासून पेपर येत होते, हेही वाचताना ध्यानात ठेवावं. तो दोष नाही. ज्याची नजर त्या आजारावर बसलीय त्यालाच तो आधी दिसतो, एवढंच.

एवढं बोलून सांगतो की त्या पेपरबद्दल मला आदरच वाटतो. कारण सिद्ध करणं हे तीन रुग्णांचं कामच नव्हतं. ‘कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेला माणूस खुबा किंवा मांडी दुखते म्हणाला तर लवकर एमआरआय करा’ ही हाक त्यांनी त्याच वर्षी दिली, जेव्हा मोठ्या अभ्यासाला वेळच मिळालेला नव्हता. हार्बर लाइनच्या एका टोकाला ती हाक छापली गेली होती आणि दुसऱ्या टोकाला मी मामाला पोटावर झोपवून व्यायाम शिकवत होतो. ब्राउन यांच्या पेपरमध्ये आकडे भरपूर आणि मामासारख्यासाठी उत्तर नाही; हिंदुजाच्या पेपरमध्ये आकडे नसल्यातच जमा आणि मामाला नेमका उपयोगी पडणारा प्रश्न होता, ‘स्टिरॉइड घेतले होते का?’ पुराव्याच्या पिरॅमिडमध्ये केस सिरीज तळाशी असते असं शिकवतात. बरोबरच आहे. पण तळाचं वाचायचंच नाही, असा अर्थ मी का काढला होता कुणास ठाऊक.

आता, यावर सिनॉप्सिस करायचा म्हटलं तर? मी करतोय, म्हणून अडचणी सांगतो. खरं निदान कशावरून ठरवायचं, हा पहिला दगड. खुब्यात भूल देऊन दुखणं थांबतं का बघणं हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग, पण ज्याच्या खुब्यावर कुणाचाच संशय नाही त्याच्या सांध्यात सुई घालायला कुठलीही एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही, देऊही नये. म्हणून मी सगळ्यांचा खुब्याचा एमआरआय आणि सहा महिने पाठपुरावा असं धरलंय. आता पैशाचा प्रश्न आहे. दुसरं, सलग येणारे सगळे रुग्ण घ्यायचे, ‘इंटरेस्टिंग केस’ वेचायच्या नाहीत. तिसरं, तपासणारा आणि एमआरआय वाचणारा यांनी एकमेकांचं उत्तर बघायचं नाही. लिहायला बसण्याआधी स्टार्ड २०१५ची यादी शेजारी ठेवा, आणि दुसऱ्यांचे पेपर जोखायला क्वाडास-२. कंटाळवाणे कागद आहेत, पण वर मी जे सगळं पाल्हाळ लावलंय ते त्यात चार ओळींत सापडेल.

माझी एक हौस त्यात घुसवलीय: ‘मांडी घालून बसता येतं का, कधीपासून येत नाही?’ आणि ‘उकिडवं बसता येतं का?’ मायामीच्या पेपरमध्ये हे असणं शक्य नाही, आणि आपल्याकडे हे विचारायला कुल्ला-जांघ असे शब्द लागत नाहीत, रुग्ण आपणहून तारीखवार सांगतो. मांडी घालताना खुबा वाकतो, फाकतो आणि बाहेर वळतो, म्हणजे जवळपास फेबर टेस्टच. गाईडना कल्पना आवडली नाही. ‘गुडघे झिजलेल्यालाही मांडी घालता येत नाही. डिस्कवाल्यालाही खाली बसलं की कळ येते. तुझी खूण किती ठिकाणी खोटं बोलेल?’ उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून आता गुडघ्याची तपासणीही फॉर्ममध्ये आलीय, आणि फॉर्म दोन पानांचा झालाय.

गेल्या आठवड्यात सिनॉप्सिस परत आला. समासात पेन्सिलने एकच ओळ आहे: ‘रुग्ण कसा चालत आत येतो हे तपासणाऱ्याला दिसणारच. मग ब्लाइंडिंग कुणाचं?’